डब्याखालची दहावी

आमच्या घरात पुन्हा मार्च आला आहे. लेकीची दहावी. टेबलावर पाण्याची बाटली, पेनं, हॉल तिकिटाच्या चार झेरॉक्स. एक पुरली असती, पण मी चार काढल्या. ती आतल्या खोलीत मोबाइल उभा करून गणित शिकते. पडद्यावरचे सर थांबवले की थांबतात, पुन्हा विचारलं की न कंटाळता पुन्हा सांगतात. मी बाहेर शेवग्याची पानं निवडत बसते आणि कान आत ठेवते. इथे कोइमतूरला या दिवसांत सकाळी नऊलाच फरशी तापते. खाली आमच्या ह्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. भट्टीचा नि ॲसिडचा वास वर येऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. बंद खिडक्यांच्या खोलीत परीक्षेचा मार्च कसा असतो, ते मला कुणी सांगायला नको.

त्यात परवा सचिनचा फोन आला. सचिन माझा धाकटा भाऊ. कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्याच घरात राहतो.

"आक्का, केबल काढून टाकली बघ," म्हणाला.

"मग बघता काय?"

"सगळं नेटवर. ज्याला जे पायजे ते. आई तिची मालिका मोबाइलवर बघत्या, पोरं टीव्हीवर आपलं काय तर बघत्यात. कुणाचा कुणाला तरास न्हाई." मग म्हणाला, "एक घोळ हाय फकस्त. काल मॅचला शेजारचं आधी वराडलं. आमच्यात अजून पेनल्टी मारायची हुती. गोल झालेला आधी कळला आनि मग बघितला. त्यात काय मजा हाय, सांग की."

मी हसले. खूप दिवसांनी मोकळं हसले, तेवढ्यात तो म्हणाला, "आनि ती वायर गेलीच, तर जिन्यातला डबाबी काढतो म्हणतोय राजूदा. आईतवारी येणार हाय. काढू दे न्हवं?"

माझं हसू तिथंच राहिलं. "विचारून सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. कुणाला विचारणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

आमची गल्ली अशी, की समोरच्यांनी फोडणी दिली की आम्ही शिंकायचो. राजूदा त्या गल्लीचा केबलवाला. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या घरात त्याची यंत्रं होती. तिथून काळी वायर कठड्यांवरून, पत्र्यांवरून, एका शेवग्याच्या फांदीवरून घराघरांत गेलेली. पण निम्म्या गल्लीपर्यंत येईतो चित्राचा जीव जायचा. पुढच्या घरांत नुसत्या मुंग्या. त्याला मध्येच विजेचा जोर द्यायला बूस्टर लागतो, आणि गल्लीचा मध्य नेमका आमच्या जिन्यात येत होता.

"आण्णा, एवढा डबा लावतो तुमच्यात," राजूदा माझ्या वडिलांना म्हणाला. "लाईट तुमची, केबल माझी. कधी पैसं मागणार न्हाई."

आण्णा उद्यमनगरात फौंड्रीत होते. लोखंडाचा रस ओतणारा माणूस, पण विजेला भ्यायचा. "हात लावला तर शॉक बसतोय काय?"

"आतनं बसतोय. बाहेरनं नुसता गरम लागतोय."

"मग लाव."

पत्र्याचा, राखी रंगाचा, शाळेच्या कंपासपेटीच्या चौपट असेल एवढा तो डबा. त्याला एक बारीक तांबडा दिवा होता. तो दिवसरात्र गुणगुणायचा. थंडीत मांजर येऊन नेमकं त्याच्या खालच्या पायरीवर झोपायचं. डब्याचं बटण जिन्याच्या वरच्या टोकाला, मी अभ्यासाला बसायची त्या कोनाड्याशेजारी होतं. त्या बटणामागे अठ्ठावीस घरांचे टीव्ही होते.

त्या दिवसापासून आमचं घर कधी बंद झालं नाही. आमचा फ्यूज उडाला की पुढची सगळी गल्ली एका दमात ओरडायची, "ए सुमे, बटाण बघ गं." मेन स्विच बंद करून गावाला जायचं, ही गोष्टच संपली. घरात कुणीतरी पाहिजेच. आणि कुणीतरी म्हणजे कोण, तर जिला अभ्यास आहे ती. मी घरातच बसणार होते ना. आजऱ्याला मामाचं लग्न होतं, तेव्हा आई साडीची घडी करता करता म्हणाली, "सुमी अभ्यासच करणार हाय, ऱ्हाईल की." त्यात वाईट असं काही नव्हतं. शेजारची काकू सोबतीला झोपायला येणार होती. तीन दिवसांनी सगळे आले ते लाडू आणि टॉवेलात बांधलेली काजूची बोंडं घेऊन. सचिन मामाच्या वरातीत कसा नाचला ते सांगत होता आणि मी एकामागून एक बोंडं खात होते. त्यांनी घसा असा धरला, की दोन दिवस माझ्या तोंडून धड शब्द निघाला नाही. बरंच झालं. बोलले असते तर रडले असते.

मला त्या घरातून बाहेर जायचं होतं. कुठे, तेही ठरलेलं होतं. समोरच्या घरात आबा होते. अर्धांगवायूने उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली, खाट खिडकीशी लावलेली. त्यांना बघायला गडमुडशिंगीहून एक नर्सबाई यायच्या. पांढरी साडी, हातात घड्याळ, आणि गल्लीतल्या भांडखोर बायाही त्यांच्याशी हळू बोलायच्या. त्यांनी मला सांगितलं होतं, दहावी पास हो, मिरजेला नर्सिंगचा फॉर्म भर, राहायची सोय होते. आण्णांना विचारलं. ते हातपाय धूत होते. म्हणाले, "पास हो. मी सोता नेऊन सोडतो मिरजंला." आण्णा दिलेला शब्द फिरवत नसत. म्हणजे मधे उरली होती ती फक्त दहावी, आणि दहावीत गणित.

त्या काळी आमच्याकडे पद्धत होती. ज्या घरात दहावी, त्या घरातली केबल बंद. आण्णांनी जानेवारीतच आमच्या टीव्हीची वायर ओढून काढली आणि टीव्हीवर आईची जुनी साडी टाकली. येणाराजाणारा विचारायचा, "कोण वारलं काय?" सचिन तोंड फुगवून बसायचा. पण वायर काढली तरी डबा चालूच. मला टीव्ही दिसू नये म्हणून घराने डोळे मिटले होते, आणि सगळ्या गल्लीचा टीव्ही माझ्या उशाशी गुणगुणत होता.

तेव्हाचा आवाज आता कुणाला सांगून कळायचा नाही. उन्हाळ्याची दारं-खिडक्या उघडी. सगळ्या घरांत एकच मालिका, एकाच क्षणाला. सासूने दार आपटलं की ते पुढच्या घरात, मागच्या घरात, वरच्या माडीवर एकदमच आपटायचं. जाहिरातीतलं पोर एकाच वेळी अठ्ठावीस घरांत खिदळायचं. मी त्या वर्षी एक मालिका नुसती ऐकून पुरी केली. त्यातल्या कुणाचंच तोंड मला माहीत नाही, पण कोण किती खोटं बोलतं ते आवाजावरून ओळखायची. कानांत बोळे घातले, डोक्याला टॉवेल गुंडाळला. डब्याचं गुणगुणणं मात्र पाठीच्या भिंतीतून येत असे, ते कशानेच थांबत नव्हतं.

आणि त्यातच फुटबॉल. आमच्याकडे परीक्षा आणि फुटबॉल एकाच हंगामात पिकतात. कोल्हापुरात तालमींचेही फुटबॉल संघ असतात; त्या वर्षी आमच्या तालमीचा संघ फायनलला गेला. सामना स्थानिक केबलवर थेट दाखवणार होते. रविवारी दुपारी चारला. सोमवारी अकराला माझा बीजगणिताचा पेपर.

आण्णा आणि सचिन मैदानावर गेले. आई शेजारच्या गल्लीत बारशाला. जाताना म्हणाली, "बटणाकडं ध्यान दे गं, आज न्हाईतर लोक घर पेटवतील." समोर आबांना चार उशा लावून बसवलं होतं. त्यांचा एकुलता एक संतोष संघात होता. म्हणजे राखीव होता. सहा वर्षं बाकावर बसून पाणी देत होता. तरी आबांना त्या दिवशी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता.

मी बापलेकांच्या वयाचं गणित घेऊन बसले होते. बापाचं वय अमुक, मुलाचं तमुक, दहा वर्षांनी किती. चार वेळा सोडवलं आणि चारही वेळा मुलगा बापापेक्षा मोठा निघाला. खाली समालोचन करणारा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि तो एक माणूस अठ्ठावीस घरांतून ओरडत होता. "हाण, हाण," "पास दे की लेका," "आंधळा हाय काय पंच." मी पाचव्यांदा क्ष मांडला. माझ्या डोळ्यांपुढे मिरज नव्हती, वही नव्हती, नुसता आवाज होता. मग माझा हात उठला आणि मी बटण बंद केलं.

मला वाटलं होतं, एक मिनिट. फक्त एक मिनिट.

डबा थांबला. फ्यूज न उडता, दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीमागची भिंत गप्प झाली. तेवढ्यात, लोक ओरडायच्या आधीच्या त्या शांततेत, मला स्पष्ट दिसलं की मी दहा वर्षं एकाच्याच वयात मिळवत होते. दोघांच्या मिळवायला पाहिजे होती. मी लिहीत गेले. बाहेर "लाईन गेली", "ए सुमे, बटाण बघ गं" सुरू झालं होतं. मी लिहीत राहिले. बाप बेचाळीस, मुलगा चौदा. ताळा केला. बरोबर.

पेन खाली ठेवलं आणि पलीकडच्या गल्लीत फटाके वाजले. तिथे केबल दुसऱ्याची होती. आमची गल्ली एकदम फुटली. "गोल झाला. कुणाचा? कुणी मारला?" कुणीतरी धावत आला. "संत्यानं. आबाच्या संत्यानं. आत्ता आत आलता की, आल्या आल्या हाणला."

सगळी गल्ली आबांच्या खिडकीकडे बघत होती. मीही बघितलं. त्यांच्या टीव्हीवर मुंग्या होत्या आणि ते त्या मुंग्यांकडे तोंड करून बसले होते.

बटण माझ्यापासून हातभर लांब. पण आता चालू केलं तर सगळ्यांना कळणार होतं की ते बंद होतं. चालू नाही केलं तर सामना निसटत होता. मी तशीच उभी राहिले, हात वर करून. पोरं म्हणत होती, बटणापाशी सुमी हाय, म्हणजे पलीकडच्या पेठेतल्यांनीच वायर तोडली, त्यांना आपली फायनल सोसवली न्हाई. दोघांनी हॉकीच्या काठ्या काढल्या होत्या. माझ्या एका गणितापायी आता डोकी फुटणार होती.

राजूदा आला. इकडे ना तिकडे, सरळ आमच्या जिन्यात आला. केबलवाल्याला कळतच असेल, असं तेव्हा मला वाटलं. त्याने बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. बटण दाबलं. तांबडा दिवा लागला.

"उत्तर आलं का?"

मी मान हलवली.

"मग बस." आणि तो खाली गेला. पायऱ्या उतरता उतरताच ओरडला, "माझा जॉइंट निसटलाता रं. गंजलाता. काठ्या आत ठेवा."

गल्लीने त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून त्याचं नावच जॉइंट्या पडलं. लग्नाच्या पत्रिकेवर मित्रांनी कंसात तेच छापलं म्हणे. एका शब्दाने तो कधी बोलला नाही. मी रस्त्यात दिसले तर नेहमीसारखंच विचारायचा, "काय सुमे, बरं हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पेपरात वयाचंच गणित आलं. ते मी सोडवलं, ते बरोबरही आलं असणार. बाकीच्या पानांवर मला इस्त्रीचा सदरा दिसत राहिला. सहा मार्कांनी गेले. आण्णांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाले, "ऑक्टोबरला परत बस की." चांगलंच बोलले. पण परत बसायचं म्हणजे परत त्याच डब्याखाली बसायचं. मी नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही. आईला वाटलं, पोरीला अभ्यासाचा कंटाळा. आण्णांना वाईट वाटलं, ते त्यांनी मनात ठेवलं. जूनमध्ये त्यांनी आमच्या टीव्हीची वायर परत जोडली. पहिल्या दिवशी सगळे मिळून बघत बसले आणि मी भांडी घासत बसले.

माझ्या हातात एवढंच होतं की रोज संध्याकाळी समोर जाऊन आबांना पेपर वाचून दाखवायचा. संतोषच्या गोलाचं कात्रण त्यांच्या उशीखाली असायचं. रोजचा पेपर संपला की ते डाव्या हाताने कात्रण काढून माझ्यापुढे धरायचे. मी वाचायला लागायची, की बदली खेळाडू संतोषने उजवीकडून मुसंडी मारली, आणि माझा आवाज चिरकायचा. तिथेच आबा डावा पंजा कागदावर ठेवून मला थांबवायचे आणि कात्रण पुन्हा उशीखाली सारायचे. तीन वर्षांत ती बातमी मी एकदाही शेवटपर्यंत वाचली नाही. मला वाटायचं, न बघितलेला गोल त्यांना ऐकवत नाही. मी जास्तच मन लावून वाचायची. माझं लग्न ठरलं तेव्हा ते डाव्या हाताने माझं डोकं नुसतं चाचपत राहिले. पुढच्या वर्षी गेले.

लग्नात पाहुण्यांनी विचारलं, शिक्षण? आण्णा म्हणाले, दहावी. पास की नापास, हे आमच्या ह्यांनी ना तेव्हा विचारलं ना नंतर. एवढ्या लांब, भाषा न कळणाऱ्या गावात त्यांनी मला काही कमी पडू दिलं नाही. पण खाली दुकानात लोकांचं सोनं असतं, म्हणून वर कुणीतरी लागतं. घराला कुलूप लावून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं, हे मला दोन्ही घरांत मिळालं नाही. बाजाराला जाताना अजून मी गॅस तीनदा बघते. कुठलंही बटण बंद करताना एकदा खिडकीतून बाहेर बघते, कुणी ओरडतंय का म्हणून.

आज आईतवार. उद्या लेकीचा गणिताचा पेपर. सकाळपासून रूटरच्या बटणापाशी माझ्या चार चकरा झाल्या. मोबाइलवरचं बंद झालं की ती पाठ तरी करेल, असं वाटतं. मग वाटतं, तिचे सरच त्या मोबाइलमध्ये आहेत. आजूबाजूच्या फ्लॅटांत क्रिकेट चाललंय. एक घर ओरडतं, मग वरचं, मग समोरचं. एकाच षटकाराला तीनदा टाळ्या.

चारला फोन वाजला. सचिनचा होता, पण बोलला राजूदा. आवाज जाड झालाय. आता तोच गल्लीला नेट पुरवतो.

"काय सुमे, बरं हाय न्हवं? डबा काढू का? तुझा भाऊ म्हणतोय, आक्काला विचारल्याबिगर न्हाई."

काय झालं कुणास ठाऊक. वीसबावीस वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं मी बोलून टाकलं. "राजूदा, तुझं नाव माझ्यामुळं खराब झालं. आणि आबांचा गोल गेला. मी कुणाला सांगितलं नाही रे. आबांना तरी सांगायला पाहिजे होतं."

पलीकडे स्क्रू ड्रायव्हर पत्र्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"आबांना काय सांगणार हुतीस?" तो म्हणाला. "मी वायर बघत बघत आलतो, तर त्यांनीच खिडकीतनं हात केला. डावा. तुमच्या जिन्याकडं दावला. तुझं बटाण त्यांच्या खाटंवरनं सरळ दिसतंय की. न्हाईतर मला काय सपान पडणार हुतं?"

मी खाली बसले. फरशी तापलेली होती, तरी बसले.

"आणि मग, कुणाला सांगितलं नाही त्यांनी?"

"मलाबी न्हाई सांगितलं. वठावर बोट ठेवलं फकस्त. मग म्या बी ठेवलं." मग घसा साफ करून म्हणाला, "काढू का आता? पाच वाजता दुसरीकडं जायचंय."

"काढ."

स्क्रू फिरल्याचा आवाज आला. एक, दोन. तिसरा गंजला होता, त्याला त्याने शिवी दिली. मग सचिन म्हणाला, "आक्का, हितं भिंत एकदम पांढरी हाय बघ. चुना मारल्यासारखी. रंगवून घिऊ का?" मी म्हणाले, राहू दे.

फोन ठेवला. मला आबांचा पंजा दिसत होता. कागदावर, नेमका माझा आवाज चिरकायचा त्या ओळीवर. मी वाचत होते ते त्यांच्यासाठी, आणि ते थांबवत होते ते माझ्यासाठी.

आत गेले. लेक बापलेकांच्या वयाचं काहीतरी सोडवत होती. खोटं वाटेल, पण तेच. मी म्हणाले, "ऊठ. चपला घाल." खाली ह्यांना हाक मारली. रविवारची भट्टी विझलेली होती, तरी ते म्हणाले, "सगळेच? आणि घर?" मी म्हणाले, "बारा मिनिटं. कोपऱ्यावर कॉफी पिऊ आणि येऊ."

कुलूप मीच लावलं. आत रूटरचे हिरवे दिवे लुकलुकत असणार, बघायला कुणी नाही. तिघंही रस्त्याला लागलो तेव्हा ऊन कलतं होतं आणि वरच्या मजल्यांवर पुन्हा कुणाच्या तरी विकेटवर आधी एक घर ओरडलं, मग दुसरं. मी एकदाच मागे वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, दोनदा पाहिलं.